साखळीला हात घालण्याआधी
आजचं चिंतन: भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक २५



काल आपण राजस कर्मापाशी थांबलो होतो. आज तामस कर्म. तामस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आळस येतो, दुपारी बारापर्यंत झोपलेला माणूस येतो. पण हा श्लोक नीट वाचा, त्यात आळसाचं नावही नाही. इथला माणूस चांगला उठून कामाला लागलाय. फक्त सुरुवात करण्याआधी त्यानं चार गोष्टींकडे बघितलेलं नाही. अनुबंध, म्हणजे या कर्माच्या मागून काय काय ओढलं येणार. क्षय, म्हणजे यात काय खर्ची पडणार. हिंसा, म्हणजे दुसऱ्या कुणाला इजा होणार का. आणि पौरुष, म्हणजे हे आपल्या आवाक्यातलं आहे का. हे काही न बघता, मोहापोटी जे सुरू केलं ते तामस. मग ते बाहेरून कितीही धाडसाचं दिसो.

हा श्लोक गेले दोन महिने माझ्यासोबत आहे, आणि त्याचं कारण एक डोंगर आहे.

अमेरिकेत युटा राज्यात झायन नॅशनल पार्क आहे. तिथे ‘एंजल्स लँडिंग’ नावाचा तांबड्या वालुकाश्माचा एक सुळका दरीच्या मधोमध घुसलाय. १९१६ साली फ्रेडरिक फिशर नावाच्या एका धर्मोपदेशकाला तो बघून वाटलं की इथे उतरायचं तर देवदूतांनीच, म्हणून हे नाव. पुढे दहाच वर्षांत, १९२६ मध्ये, माणसांनी तिथवर वाट खोदली! जाऊन-येऊन सुमारे ८.७ किलोमीटर, चढ साधारण ४५० मीटर. दम लागण्याच्या हिशोबाने बघाल तर सिंहगड नेहमी चढणाऱ्याला हे जड नाही. पहिला भाग नदीवरचा पूल ओलांडून, मग गार सावलीच्या घळीतून, मग ‘वॉल्टर्स विगल्स’ नावाची २१ वळणं. तिथून वर आलं की स्काउट लुकआउट नावाची मोकळी सपाट जागा लागते.

खरी गोष्ट तिथून पुढे. शेवटचे सुमारे ८०० मीटर ही वाट कड्याच्या धारेवरून जाते. काही ठिकाणी जेमतेम काही फूट रुंद, दोन्हीकडे शेकडो फूट खोल. धरायला कातळात ठोकलेल्या लोखंडी साखळ्या. बस. आपल्या सह्याद्रीतली ट्रेकर मंडळी ज्याला दृष्टिभय म्हणतात ते इथे पुरेपूर आहे. कलावंतीण किंवा हरिहरच्या पायऱ्या ज्यांनी उतरताना अनुभवल्यात त्यांना पोटात काय होतं ते वेगळं सांगायला नको. या धारेवरून पडून माणसं गेलेली आहेत आणि पार्कवाले ते लपवत नाहीत, तशी स्पष्ट सूचना लावलेली आहे. गर्दी आवरायला १ एप्रिल २०२२ पासून या पट्ट्यासाठी परमिट लागतं आणि ते लॉटरीनं मिळतं. आम्ही चार मित्रांनी ६ डॉलर भरून एक अर्ज टाकला आणि नंबर लागला. ऑक्टोबरची तारीख, सकाळी ९ च्या आतली वेळ.

नंबर लागल्याच्या रात्री आमच्या ग्रुपवर जे सुरू झालं ते तुम्हाला सांगायची गरज नाही. फायर इमोजी, आणि त्यासोबत दुसऱ्या अध्यायातला तो ‘ऊठ’ सांगणारा श्लोक, मागे कडा, पुढे सूर्योदय, असं एक पोस्टर. एकानं तर आत्मा अमर असल्याचंही टाकलं.

इथे मला अडायला झालं. मला त्या पोस्टरचा राग नाही, पोरं प्रेमानं टाकतात. पण गीता अशी वापरता येते का?

पहिल्या अध्यायात अर्जुनाचं काय होतं ते आठवा. अंगाला कंप सुटतो, तोंड कोरडं पडतं, हातातलं गांडीव निसटायला लागतं. कड्याच्या कडेला उभं राहिलेल्या कुणालाही ही लक्षणं ओळखीची वाटतील. आणि भगवंत त्याला दुसऱ्या अध्यायात चक्क झापतात. मग आपणही स्वतःला तसंच झापून साखळीला हात घालावा, असं कुणाला वाटलं तर नवल नाही. पण अकराव्या अध्यायात तोच अर्जुन पुन्हा घाबरतो. विश्वरूप बघून त्याचं मन भयानं हलून जातं, तो सरळ म्हणतो की मला तुमचं आधीचं रूप दाखवा. या वेळी भगवंत एका शब्दानंही रागावत नाहीत. सौम्य रूप घेतात, धीर देतात.

एकच माणूस, दोन भीती, दोन उत्तरं. माझं वाचन असं आहे (जाणकारांनी दुरुस्त करावं): पहिल्या वेळी अर्जुन मरणाला भीत नव्हता. त्याच्यापुढे त्याचं कर्तव्य होतं आणि शोकानं ते झाकलं गेलं होतं. युद्ध त्यानं मागितलं नव्हतं, शिष्टाई फसल्यावर ते दारात आलं होतं. दुसऱ्या वेळी समोर जे होतं ते खरंच भयंकर होतं आणि त्याला बघून भीती वाटणं हेच बरोबर बघणं होतं. त्यामुळे त्या भीतीला उत्तर धीराचं मिळालं.

आता सांगा, माझा ऑक्टोबरमधला कडा यातला कुठला? मला तिथे कुणीही बोलावलेलं नाही. कुठलाही स्वधर्म मला त्या धारेवर ढकलत नाही. मी ६ डॉलर भरून लॉटरी लावलीय. तेव्हा ‘ऊठ’ हा शब्द माझ्या उपयोगाचा नाही. तो ज्याला पळून जायचंय त्याच्यासाठी आहे. मी तर हौसेनं चाललोय. आत्मा अमर आहे हे माझ्या श्रद्धेचं आहे. पण माझ्या तीन वर्षांच्या मुलीला रोज रात्री पाठीवर बसून घोडा-घोडा खेळायला आत्मा चालत नाही, पाठ लागते.

म्हणून मी पोस्टरवरचा श्लोक बाजूला ठेवला आणि हा पंचविसावा घेतला. खरं सांगायचं तर तयारीची इतकी नेमकी यादी मला कुठल्याच ट्रेकिंगच्या व्हिडिओत मिळाली नाही.

पौरुषापासून सुरुवात केली, कारण ते इंजिनिअरला सोपं जातं. मोजता येतं. आमच्या इमारतीचे बारा मजले, पाठीवर आठ किलो, आठवड्यातून तीनदा, आणि त्यात चढण्यापेक्षा उतरण्यावर जास्त लक्ष. धारेवर चढताना डोळ्यांसमोर कातळ असतो. उतरताना मात्र पाय कुठे ठेवायचा ते बघायला खाली बघावंच लागतं, आणि खाली दरी असते. गुडघे थरथरायला लागले की डोकंही थरथरतं. चांगली पकड असलेले बूट घेऊन ते आधीच झिजवून पायाच्या सवयीचे केले. वालुकाश्मावर बारीक वाळू पसरलेली असते, तिच्यावरून पाय सटकतो. पाणी खालून ग्रोटोच्या बसथांब्यापाशीच भरून न्यायचं, वर प्यायच्या पाण्याचा नळ नाही. माणशी तीन लिटर धरलंय.

पण पौरुष म्हणजे मांडीची ताकद एवढंच असतं तर प्रश्न नव्हता. उंचीवर माझं मन काय करतं हे मांडीला माहीत नसतं. म्हणून एक साधा प्रयोग चाललाय. जवळच्या टेकड्यांवर जिथे कठडा आहे तिथे कडेजवळ उभं राहायचं, आणि आत काय होतंय ते फक्त बघायचं. श्वास कुठे अडकतो, मूठ कधी आवळते. नाम घ्यायचं ते भीती घालवायला नाही, श्वासाची लय राहावी म्हणून. भीती गेलेली नाही. ती जावी असं आता वाटतही नाही. याच अध्यायात पाच श्लोक पुढे सात्त्विक बुद्धीचं वर्णन आहे आणि तिथे भगवंत म्हणतात की ही बुद्धी भय आणि अभय दोन्ही ओळखते. दोन्ही! सोळाव्या अध्यायात दैवी गुणांच्या यादीत अभय पहिलंच आहे, त्यामुळे आपल्याला वाटतं की भक्ताला भीती नसावी. पण ज्याला दरी दिसतच नाही तो अभय नाही, त्याला चष्मा लागलाय.

हिंसा या शब्दापाशी मी सगळ्यात जास्त रेंगाळलो. आधी वाटलं, डोंगर चढण्यात कसली आलीय हिंसा? मी पडलो तर मी पडेन. हे वाक्य आपण किती सहज बोलतो! पण त्या धारेवर वाट एक, साखळी एक, आणि माणसं मात्र दोन्ही बाजूंनी येतात. समोरून कुणी आलं की दोघांपैकी एकाला थांबावं लागतं, कधी कुणाला साखळी सोडून बाजूला सरकावं लागतं. मी जर मध्येच गोठलो, ना वर ना खाली, तर माझ्या मागे दहा जण अडकतात, त्यांत कुणी लहान असतं, कुणी साठीचं. घाई करणारा एक जण सगळ्यांची पकड सैल करतो. हातातून सुटलेली पाण्याची बाटली ही खालच्या वाटेवरच्या माणसासाठी दगड असते. आणि मी पडलोच, तर मला शोधायला जी माणसं त्या कपारीत दोरावर लोंबकळणार, ती कुणाची तरी मुलं आहेत. माझा जीव धोक्यात घालायचा मला कदाचित हक्क असेल. यावर वाद घालता येईल. पण त्यांचा? ‘माझा जीव, माझी मर्जी’ हे म्हणणं सपाट जमिनीवर एक वेळ टिकेल, धारेवर टिकत नाही.

म्हणून आमचं ठरलंय की येणाऱ्याला आधी वाट द्यायची, साखळीवर कुणालाही ओलांडून पुढे जायचं नाही. (जाता जाता: स्काउट लुकआउटला चिपमंक नावाच्या छोट्या खारी फार धीट झाल्यात, थेट पिशवीत तोंड घालतात, कारण लोक त्यांना चिवडा, बिस्किटं टाकतात. भूतदया म्हणून टाकू नका. पार्कमध्ये त्याला बंदी आहे, आणि त्या खारी आपलं खाणं शोधायचं विसरतात. हीसुद्धा हिंसाच, फक्त गोड दिसते.)

अनुबंध. या शब्दाचा अर्थ परिणाम असा सांगतात, पण त्यात बांधलेपण आहे ते मला जास्त भावतं. माझ्या कमरेला कोण कोण बांधलंय? पुण्याला आईला फोनवर सांगितलं. मला वाटलं होतं ती नको म्हणेल. तिनं आधी विचारलं, “किती जण आहात रे?” मग विचारलं, “पाऊस असला तर?” मी म्हटलं, “पाऊस असला तर नाही जाणार, आई.” मग म्हणाली, “बरं. वर पोचलास की नको, खाली उतरलास की फोन कर.” चाळीस वर्षं जिनं गॅसवर दूध ठेवून घर सांभाळलं तिला ट्रेकिंगचं पहिलं तत्त्व कुणी शिकवावं लागलं नाही. शिखर हा निम्मा रस्ता असतो. बायकोशी बोलणं मात्र लांबलं, ते सगळं इथे लिहिणार नाही. विम्याचे कागद, पासवर्ड कुठे आहेत ते तिला एकदा दाखवून ठेवलं. हे अशुभ वगैरे काही नाही. उलट ते करताना मला पहिल्यांदा नीट कळलं की मी काय करायला चाललोय.

आणि क्षय. यात काय खर्ची पडणार हे आधी मान्य करून ठेवायचं. मला हा शब्द नेहमीच्या अर्थापेक्षा थोडा पुढे न्यावासा वाटतो. विमानाची तिकिटं, सुट्टी, दोन महिन्यांचा घाम, लॉटरीत लागलेला नंबर, हे सगळं आधीच खर्च झालेलं आहे. आणि तेच खर्च झालेलं स्काउट लुकआउटवर कानात बोलायला लागतं: ‘एवढं केलंस, आता मागे फिरतोस?’ आकाशात ढग दिसत असतात, कातळ ओला असतो, आणि खिशातलं परमिट वजन धरायला लागतं. आमच्या कामात एक साधा नियम आहे, रोलबॅक कसा करायचा ते लिहिलेलं नसेल तर रिलीज करायचं नाही. आणि रोलबॅकचा निर्णय रात्री दोन वाजता, सगळं पेटलेलं असताना घ्यायचा नसतो, तो दुपारी चहा पिताना आधीच घेऊन ठेवायचा असतो. तेच इथे. कातळ ओला असेल, वारा ढकलत असेल, कुठेही गडगडाट ऐकू आला, तर साखळीला हात लावायचा नाही. त्या उघड्या धारेवर विजेच्या वेळी लोखंड धरून उभं राहण्यासारखा अविचार नाही. आणि चौघांपैकी कुणीही, कुठल्याही क्षणी ‘परत’ म्हटलं तर सगळे परत. कारण विचारायचं नाही, नंतर टिंगल करायची नाही. स्काउट लुकआउटपर्यंत यायला परमिट लागतच नाही आणि तिथून दिसणारी दरीसुद्धा डोळ्यांत मावत नाही.

फळाची आशा सोडून कर्म करावं हे आपण सगळे ऐकत मोठे झालो. ऐकताना ते फार मोठं, फार दूरचं वाटतं. मला ते आता तिथे दिसतं, त्या सपाट जागेवर, साखळीच्या पहिल्या खांबापाशी. दोन महिने मनापासून तयारी करणं आपल्या हातात. त्या दिवशी हात पुढे करायचा की मागे घ्यायचा, हे ढग ठरवणार. तयारी केली म्हणून शिखर देणं लागत नाही.

मग ‘देव आहे ना’ याचं काय? हे वाक्य मलाही प्रिय आहे. पण ते केव्हा बोललं जातं त्यावर त्याचा अर्थ ठरतो. चारही गोष्टी बघून झाल्यावर, जे उरलं ते माझ्या हाताबाहेरचं आहे हे कळल्यावर म्हटलं तर ते शरणागतीचं वाक्य. त्या बघायचा कंटाळा म्हणून आधीच म्हटलं तर तेच वाक्य या श्लोकातल्या माणसाच्या तोंडी शोभेल. नाम तेच, ओठ तेच, हे विशेष.

एक शब्द राहिला, सगळ्यात अवघड. मोह. चारही गोष्टी नीट बघितल्या, सगळं जुळलं, तरी मुळात जायचंच का? हा प्रश्न बायकोनं विचारला आणि माझ्याकडे अजून पूर्ण उत्तर नाही. थोडं खरं असं आहे की अशा ठिकाणी मन इकडेतिकडे जात नाही. एरवी ध्यानाला बसलो की दहा मिनिटांत तीन मीटिंग होतात डोक्यात. पण एकाग्रतेसाठी कड्यावरच जायला हवं असं म्हणणं मला स्वतःलाच जरा लबाडीचं वाटतं.

म्हणून मागच्या रविवारी मी ग्रुपवर एक प्रस्ताव ठेवला. फोन सगळ्यांनी बंद करून पिशवीत टाकायचे, अडीअडचणीला एकाचा चालू. धारेवरचा एकही फोटो नाही. वरचाही नाही. कुठे टाकायचं नाही, कुणाला सांगायचं नाही, फक्त घरच्यांना ‘उतरलो’ एवढा निरोप. अशा अटीवर कोण येणार?

दोघांनी लगेच हो म्हटलं. तिसऱ्यानं, ज्यानं ते पोस्टर टाकलं होतं त्यानं, दोन दिवस काही लिहिलं नाही. मग त्याचा मेसेज आला, “विचार करतोय यार. शुक्रवारपर्यंत सांगतो.” चौघांमध्ये या श्लोकावर सगळ्यात प्रामाणिक चिंतन त्याचंच चाललंय असं मला वाटतं. मी हो म्हटलंय, पण प्रस्ताव माझाच होता, त्यामुळे ते धरू नका.

उद्या श्लोक २६, सात्त्विक कर्ता.

रामकृष्ण हरी.